फुपीची सही

या महिन्यात सदराची सगळी जागा एकाच पत्राला देत आहे. पत्र कृष्णाकाठच्या एका गावातून आले आहे. गाव उसाचे, घर शेतकऱ्याचे. लिहिणाऱ्या भगिनीची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि जमिनीचा आकडाही हिशेब समजायला सोपा जावा म्हणून माझा घातला आहे. बाकी गोष्ट त्यांचीच. तशी ती अनेक घरांची आहे, फक्त पत्र लिहिण्याचे धाडस या भगिनीने केले.

त्यांना दोन भाऊ. अब्बांना जाऊन अठरा वर्षे झाली, अम्माही नाहीत. भावांच्या वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, पण अंगण एकच आहे, विहीर एकच आहे आणि तिच्यावरची मोटार पाळीने चालते. थोरल्याला दोन मुली, मुलगा नाही. धाकट्याला दोन मुलगे. थोरल्याची मोठी मुलगी २२ वर्षांची, बी.ए. झालेली. घरच्या म्हशींचे दूध रोज सकाळी तीच संकलन केंद्रावर घालते. केंद्रावर फॅट तपासणारा मुलगा आणि ती, दोन वर्षांपासून एकमेकांना पसंत करतात. मुलगा आपल्यातलाच आहे, नमाजी आहे, निर्व्यसनी आहे. पण बिरादरी वेगळी. घरी एक गुंठाही जमीन नाही. वडील आठवडे बाजारात फळे विकतात.

हे सगळे मुलीने फक्त फुपीला सांगितले. पत्र लिहिणारी तीच फुपी.

इकडे धाकट्या भावाने ठरवून टाकले आहे की ही मुलगी आपल्या मोठ्या मुलाला करायची. शेत घरातच राहील, पोरगीही डोळ्यांसमोर राहील, असे त्याचे म्हणणे. कारखाना सुरू झाला आणि उसाचे पहिले बिल आले की मंगनी. (कायद्याने कारखान्याने १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. शेतकऱ्यांच्या किती मुलींच्या मंगन्या त्या १४ दिवसांच्या भरवशावर ठरतात आणि किती पुढे जातात, ते वेगळेच प्रकरण आहे.) धाकटी पुतणी १५ वर्षांची, यंदा दहावीला. तिच्याविषयीही चाचा म्हणतो, "तिचंही बघून ठेवलंय." म्हणजे आपला दुसरा मुलगा.

फुपीने थोरल्या पुतणीची बाजू घेऊन भावजयीकडे शब्द टाकला, तो त्याच रात्री अंगण ओलांडून धाकट्याच्या कानावर गेला. दुसऱ्या दिवशी त्याने बहिणीला फोन केला. "आपा, या पोरीच्या भानगडीत पडलीस तर दुल्हाभाईंना कागद दाखवीन."

कागद म्हणजे हक्कसोडपत्र. अब्बा गेल्यावर तीन महिन्यांत भावांनी बहिणीला तालुक्याला नेले. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही झाली, अंगठा झाला. परत येताना भावांनी साडी घेतली आणि एस.टी. स्टँडवर उसाचा रस पाजला. बहिणीने घरी येऊन पतीला सांगितले की साडीच्या खरेदीला गेले होते. त्यांना आजही वाटते की पत्नीचा वाटा माहेरी तसाच आहे. सोसायटीचे कर्ज थकले आहे आणि ते अधूनमधून मुलांना म्हणतात, "अम्मीचा हिस्सा आला की सगळं फेडू." प्रत्येक वेळी ही बाई उठून चुलीपाशी जाते.

आठ पानांच्या शेवटी एकच प्रश्न आहे. मी गप्प बसू का?

भगिनी, आधी कागदाचे बोलू. कारण मुलीचा प्रश्न तुम्ही त्या कागदाच्या भीतीने पाहत आहात.

तुमचा भाऊ ज्या गोष्टीची धमकी देतो आहे, ती गोष्ट गुपित नाहीच. अब्बा वारल्यावर तलाठ्याकडे वारस नोंद झाली असेल, तेव्हा फेरफारात तुमचे नाव लागले असेल. मग हक्कसोडपत्राचा फेरफार झाला, मंडळ अधिकाऱ्यांनी तो मंजूर केला आणि तुमचे नाव सातबाऱ्यावरून कमी झाले. फेरफाराचे क्रमांक सातबाऱ्यावर असतात आणि सातबारा आता महाभूलेखच्या संकेतस्थळावर गट नंबर टाकला की कुणालाही पाहता येतो. तुमच्या पतीने मोबाईलवर तो उघडला, तर दोन मिनिटांत त्यांना कळेल की त्यावर पत्नीचे नाव नाही. अठरा वर्षांत त्यांनी पाहिले नाही, एवढेच. किंवा पाहिले आहे आणि तुमचा मान राखून गप्प आहेत. तसे नवरेही असतात.

म्हणून उघड्या दफ्तरातल्या नोंदीला गुपित समजून तुम्ही भावाच्या हातात दोरी देऊ नका. पतीला तुम्ही स्वतः सांगा, भावाने सांगण्याआधी. ते रागावतील, आणि तो राग रास्त असेल. जमिनीपेक्षा अठरा वर्षांच्या मौनाचा राग असेल. तो सोसावा लागेल.

तो कागद फिरवता येईल का, असे तुम्ही पानाच्या कडेला बारीक अक्षरात विचारले आहे. वकिलाला जरूर दाखवा. पण तुम्ही सज्ञान होता, सही समजून केली, दस्त नोंदवला गेला आणि इतकी वर्षे गेली. माझ्या मते त्यामागे लागून कोर्टाची पायरी झिजवण्यात हाती काही येणार नाही. ते कर्ज तुमच्या यजमानांना दुसऱ्या वाटेने फेडावे लागेल. कटू आहे, पण तुम्हाला खोटी आशा लावण्यात अर्थ नाही.

इथे इतर वाचक भगिनींसाठी दोन शब्द, कारण या कागदाबद्दल पत्रे फार येतात. आपल्या शरियतमध्ये बाप हयात असताना मुलाचा किंवा मुलीचा वारसा हक्क जन्मालाच आलेला नसतो. म्हणून काही घरांत लग्नाआधीच मुलीकडून 'मला काही नको' असे लिहून घेतात, त्या लिखाणाला साधारणपणे अर्थ नसतो. मात्र त्या बदल्यात पैसे किंवा दागिने घेतले असतील, तर पुढे कोर्टात ती सही आडवी येऊ शकते. बाप गेल्यानंतरचे नोंदवलेले हक्कसोडपत्र मात्र पक्के असते. कुरआनच्या सूरह अन्-निसाच्या सातव्या आयतीत आई-वडिलांनी आणि नातेवाइकांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांचा हिस्सा आहे तसा स्त्रियांचाही आहे, मालमत्ता थोडी असो वा फार, असे स्पष्ट आहे. बहिणीला भावांना द्यायचेच असेल तर आधी तिचे नाव लागू द्या, तिचा वाटा तिच्या ताब्यात जाऊ द्या, वर्ष-दोन वर्षे पीक तिच्या घरी जाऊ द्या. त्यानंतरही तिला द्यावेसे वाटले तर ते देणे. तीन महिन्यांत, डोळ्यांतले पाणी सुकायच्या आत, साडी आणि उसाचा रस देऊन घेतले, त्याला मी देणे म्हणत नाही. माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून बायका सही करतात. तुमच्या बाबतीत दरवाजा उघडा राहिला, पण आत बोलायची परवानगी मात्र भावाकडे राहिली.

आता पुतणीकडे येऊ. धाकटा भाऊ 'शेत घरात राहील' म्हणतो, तो हिशेब एकदा मांडून बघू. अल्लाह तुमच्या थोरल्या भावाला दीर्घायुष्य देवो. आपण जिवंत माणसाची जमीन वाटतो आहोत, याची मला लाज वाटते, पण तुमच्या घरात ती मनातल्या मनात केव्हाच वाटली गेली आहे.

समजा त्यांच्या नावे ७ एकर ८ गुंठे, म्हणजे २८८ गुंठे जमीन आहे. कफन-दफन, कर्ज आणि काही वसीयत असेल तर ती भागवून जे उरेल त्याची वाटणी होते. मुलगा नाही आणि दोन मुली आहेत, म्हणून मुलींना मिळून दोन तृतीयांश : १९२ गुंठे, एकेकीला ९६. पत्नीला आठवा हिस्सा : ३६ गुंठे. उरले ६०. ते भाऊ आणि बहीण यांच्यात दोनास एक या प्रमाणात : धाकट्या भावाला ४० गुंठे, म्हणजे एक एकर, आणि तुम्हाला २०. होय, तुम्हालाही. तुम्ही सही केली ती अब्बांच्या जमिनीपुरती. थोरल्या भावाच्या मागे तुमचा जो हक्क निर्माण होईल, त्याला तो कागद लागत नाही. हे तुमच्या धाकट्या भावाला बहुतेक माहीत नसेल, किंवा फारच चांगले माहीत असेल.

सात एकरांत त्याचा वाटा एक एकर आहे. उरलेली जमीन घरात राखायची तर दोन्ही मुली आपल्या दोन्ही मुलांना करायच्या, हा त्याचा मार्ग. पण त्यातही एक गोष्ट तो विसरतो. मुलगी चुलतभावाला दिली तरी तिचे ९६ गुंठे तिचेच राहतात. नवऱ्याचे होत नाहीत, सासऱ्याचे तर नाहीतच. सातबाऱ्यावर नाव तिचे. ते शेत 'घरात' राहायचे तर मुलीला पुन्हा एकदा तालुक्याला न्यावे लागेल आणि परत येताना रस पाजावा लागेल.

हा तंटा नवा नाही. मदीना ही शेतकऱ्यांची वस्ती होती, अन्सार खजुराच्या बागा राखणारे लोक. त्यांच्यातले साद बिन रबी (रजि.) उहुदच्या लढाईत शहीद झाले. मागे पत्नी आणि दोन मुली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलींच्या चाचाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. ती विधवा मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेली आणि म्हणाली की चाचाने यांच्यासाठी काहीच ठेवले नाही, आणि मालमत्ता असल्याशिवाय यांचे निकाह होणार नाहीत. तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत ही हकिगत आहे. त्यानंतर वारशाची आयत उतरली. प्रेषितांनी चाचाला बोलावून सांगितले, दोन मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे आणि उरेल ते तुझे. तुमच्या घराचा हिशेब अगदी हाच आहे. मला या हकिगतीत नेहमी त्या आईचे बोलणे थांबवते. मुलींचे लग्न आणि मुलींची मालमत्ता, दोन्ही गोष्टी तिने एका दमात मांडल्या. आपण मात्र लग्नाचे अंगणात बोलतो आणि जमिनीचे माजघरात, जणू त्यांचा एकमेकींशी संबंधच नाही.

धाकट्या भावाला खलनायक ठरवले की उत्तर सोपे होते, पण ते खरे होणार नाही. तुम्हीच लिहिले आहे की थोरल्याच्या पाठीचे ऑपरेशन झाले, तेव्हा दोन हंगाम त्याचा ऊस धाकट्याने आणि त्याच्या मुलांनी सांभाळला. रात्रीची लाईट असली की पुतण्याच दारे धरायला जायचा. ज्याने घाम गाळला त्याला त्या मातीवर आपला काही हक्क वाटतो, हे माणसाचे मन आहे. पण घामाचा मोबदला धान्य, पैसा, वाट्याने केलेली शेती असा असतो. पुतणी हा घामाचा मोबदला नव्हे. थोरल्या भावाने धाकट्याशी पुढच्या पाच वर्षांचा वाटेकरीचा व्यवहार करावा, निम्मा किंवा ठरेल तो हिस्सा, आणि तो कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. हा व्यवहार झाला तर मंगनीतली घाई निम्मी तरी कमी होईल, असा माझा अंदाज आहे.

आणि त्या चुलतभावाला कुणी विचारले का? तो चाकणच्या कंपनीत आहे, दोन महिन्यांतून एकदा घरी येतो, एवढेच तुम्ही लिहिले. आठ पानांत त्याचे एकही वाक्य नाही. निकाह दोघांच्या संमतीने होतो. त्यालाही कदाचित हे ओझेच वाटत असेल. भावाच्या मागे न लपता त्याला एक फोन करायला काय हरकत आहे? तुम्ही त्याच्याही फुपी आहात.

पुतणीच्या संमतीबद्दल वाद घालायला जागाच नाही. खन्सा बिन्त खिदाम (रजि.) यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला होता, तो प्रेषितांनी रद्द केला. ही हदीस सहीह बुखारीत आहे. त्या पूर्वी विवाहित होत्या, आपली मुलगी कुमारिका आहे, आणि कुमारिकेचे मौन म्हणजे संमती, असे तुमचे भाऊ म्हणतील. मौन लाजेचे असेल तर संमती. जी मुलगी फुपीच्या गळ्यात पडून 'नको' म्हणाली, तिने मौन धरलेले नाही. तिचे म्हणणे फक्त बापापर्यंत पोहोचलेले नाही. आणखी एक गोष्ट. बाप हयात आणि शुद्धीवर असताना मुलीचा वली बापच असतो. चाचाने शब्द देऊन मंगनी ठरत नाही.

याच आधारावर मुलीला एक कानउघाडणी करावी लागेल, आणि तुम्हालाही. दोन वर्षे ती तुमच्या मोबाईलवरून त्या मुलाशी बोलते आहे. तिला आसरा मिळावा हा तुमचा हेतू, पण त्यातून मार्ग निघाला नाही, एक नवे गुपित मात्र तयार झाले. तुमच्यावर आधीच एक होते. गावात दूध घालायला जाणाऱ्या मुलीवर किती डोळे असतात, हे तुम्हाला सांगायला नको. उद्या बाहेरून कळले तर बापाचा पहिला राग पसंतीवर जाणार नाही, चोरून बोलण्यावर जाईल, आणि मग त्याचे ऐकणारे कुणी उरणार नाही. हनफी मतानुसार सज्ञान मुलीचा निकाह वलीशिवायही होऊ शकतो, हे कुणीतरी तिला सांगेलच. कोकणातल्या आपल्या शाफई घरांत तेही चालत नाही. पण चालो वा न चालो, ज्या बापाने अजून नकारच दिलेला नाही, त्याला सोडून जायचा विचार कशासाठी?

मुलाने आपल्या घरच्यांकडून रीतसर पैगाम पाठवावा. त्याच्या वडिलांना संकोच वाटत असेल, फळांच्या गाड्यावरून उठून जमीनदाराच्या दारात जायचे म्हणून, तर जमातीतला एखादा वडीलधारा सोबत घ्यावा. आणि पैगाम येईल तेव्हा तुमच्या भावाने बिरादरीचा प्रश्न बाजूला ठेवून खरे प्रश्न विचारावेत. केंद्रावरचा पगार किती, तो कायम आहे का? घर कुणाचे? मेहर किती आणि रोख किती? उद्या मुलीच्या नावावर जमीन येईल तेव्हा ती कोण कसणार, आणि त्या जमिनीकडे या मुलाची नजर आहे का? हा शेवटचा प्रश्न थोरल्या भावाने बेधडक विचारावा. चाचाची नजर चालत नसेल तर होणाऱ्या जावयाची तरी का चालावी? उत्तरे समाधानकारक नसतील तर बापाला नकार देता येतो, आणि तो नकार मुलीला समजून घ्यावा लागेल. मी फुपीला बाजू घ्यायला सांगते आहे ती पुतणीचे ऐकून घेतले जावे म्हणून. तो मुलगा कसा आहे, हे मला माहीत नाही आणि खरे तर तुम्हालाही फॅट मशीनच्या पलीकडे फारसे माहीत नाही.

थोरल्या भावाने हयातीतच मुलींना हिबा करावा, असे तुमच्या भावजयीच्या मनात आहे. करता येतो. पण हिब्यात देणे, स्वीकारणे आणि प्रत्यक्ष ताबा देणे या तिन्ही गोष्टी लागतात. नुसता कागद करून जमीन स्वतःच कसत राहिले तर पुढे भांडण उभे राहते. शिवाय आज सगळे देऊन टाकले आणि उद्या पाठीचे दुखणे पुन्हा उद्भवले, तर त्यांच्या हातात काय? माझा कल घाई न करण्याकडे आहे.

राहिले कुणाशी कधी बोलायचे ते. पतीशी या आठवड्यातच बोला, मुले झोपल्यावर, आणि सातबाऱ्याचा उतारा हातात घेऊन बोला, म्हणजे अर्ध्यावर थांबता येणार नाही. त्यानंतर माहेरी जा. भावाशी घरात बोलू नका, त्या अंगणात भिंतींना नव्हे, चुलींनाही कान आहेत. तुम्ही लिहिले आहे की रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात थोरला भाऊ आता पुन्हा स्वतः दारे धरायला जातो. भावजयीला सोबत घेऊन चहाचा थर्मास घेऊन जा. एक सरी भरायला वेळ लागतो, तेवढ्यात सगळे सांगून होते, आणि अंधारात भावाला बहिणीकडे न बघता ऐकता येते. त्याला आधी पुतणीचे सांगा. तुमच्या सहीचे त्याला माहीतच आहे. साडी त्यानेच निवडली होती, असे पत्रात आहे.

आणि मोबाईल पुतणीला आजपासून देऊ नका. का देत नाही, तेही तिला सांगा.